गालातली अंगठी

‘अंगठी गालात धरून टाकीवर चढणारा तो रंगारी काही केल्या डोक्यातून जात नाही,’ असं ‘टपाली’नं तिच्या लेखाखाली लिहिलं होतं. त्याच्या खाली ‘आजोबा नंबर दोन’ यांनी नुसते हात जोडले होते. तिनं दोन्ही पुन्हा एकदा वाचलं आणि फोन एप्रनच्या खिशात टाकला. समोरच्या ट्रेमध्ये सकाळच्या पेशंटचे आरसे, चिमटे, दाढा काढायच्या पकडी धुऊन वाळत ठेवल्या होत्या. त्या कागदी पाकिटांत भरायच्या, पाकिटं चिकटवायची, जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात रचायची आणि झाकण फिरवून घट्ट करायचं. यंत्राला वाफ धरायला आणि मग थंड व्हायला जो वेळ लागे, तो वेळ तिचा होता. दवाखान्यातल्या बाकी सगळ्या वेळावर डॉक्टरीणबाईंची मालकी होती, आणि घरातल्या वेळावर कुणाची नव्हती ते सांगणं अवघड.

ती या दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली तेव्हा यंत्र चालू असताना खुर्च्या पुसत बसायची. मग एकदा लेकीनं तिचा फोन हातात घेऊन तिला ‘कट्ट्या’वर नेऊन बसवलं. “आई, तू जे भाजी निवडताना बोलतेस ना, ते इथं लिही. आमचं डोकं खाण्यापेक्षा बरं.” कट्टा म्हणजे लिहिणाऱ्यांची एक साईट. कुणीही यावं, लिहावं, बाकीच्यांनी वाचून चांगलं-वाईट म्हणावं. खरं नाव कुणाचंच नाही. तिनं स्वतःचं नाव ठेवलं ‘उसवण’. पहिल्यांदा तिनं दाताच्या खुर्चीत बसल्यावर धिप्पाड माणसं हाताखालची दांडी कशी घट्ट धरतात त्यावर लिहिलं. मग सासूबाईंचं आणि छतावरच्या पंख्याचं वर्षानुवर्षं चाललेलं भांडण लिहिलं. लोक हसले. कुणी ‘पुढचं कधी?’ म्हणून विचारलं. घरात तिला ‘पुढचं कधी?’ असं फक्त जेवणाबद्दल विचारत.

सासूबाई म्हणायच्या, “त्या फोनला एकदा आंघोळ घाल आणि पावडर लाव. बाकी सगळे लाड झालेत त्याचे.” ती हसायची आणि कपड्यांच्या घड्या करायला घ्यायची. तिचं घर काही लिहिण्यापायी उपाशी राहिलं नव्हतं. दूध कधी एखाद्या वेळी उतू गेलं असेल, इतकंच.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला सगळे मेस्त्री म्हणत, पण लिफ्टच्या उभ्या बोगद्यात उतरला की ‘मुका मेस्त्री’. कारण आत शिरायच्या आधी तो बोटातली लग्नाची अंगठी काढायचा आणि गालात धरायचा. अंगठी चुकून दोरात किंवा कप्पीत अडकली तर बोटासकट जाते, म्हणून काढायचीच असते. बाकीचे खिशात ठेवत. याची एकदा खिशातून पडून बोगद्याच्या तळाशी गेली होती, तेव्हापासून गालात. आत असेपर्यंत तो एक शब्द बोलायचा नाही, नुसत्या खुणा करायचा. “अंगठी तोंडात असली की शिवी बाहेर पडत नाही,” असं तोच सांगायचा आणि सगळ्या फिटर लोकांना हसवायचा.

मग एका इमारतीत ब्रेक सुटला. तो लिफ्टच्या टपावर उभा होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाच्या वजनानं लिफ्ट वर निघाली. तो खाली बसला, मग आडवा झाला, आणि लिफ्ट थांबली तेव्हा छत त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर होतं. खरचटलंसुद्धा नाही. ऑफिसात कळवलं ते ‘काही झालं नाही’ असंच, आणि ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर बोगद्याचं दार उघडलं की तो तिथंच अडायचा. अंगठी गालात, हात दाराला, आणि पाय जागचे हलत नाहीत. कामावरचा जोडीदार समजूतदार होता. तो काही न विचारता स्वतः आत जायला लागला आणि मेस्त्री वर लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत काम बघू लागला. कागदावर जोडी तीच, काम तेच.

हे त्यानं तिला एका संध्याकाळी सांगितलं. ती भांडी घासत होती आणि तो मोरीजवळच्या स्टुलावर बसला होता. त्याला काही सांगायचं असलं की तो तिथंच येऊन बसायचा. तिची पाठ असली की त्याला बोलायला सोपं जायचं. सांगून झाल्यावर म्हणाला, “आईला बोलू नकोस. पोरीलाही नको.” तिनं साबणाच्या हातांनीच त्याचा हात धरला. तेव्हा तिच्या मनात लिहिण्याचं काही नव्हतं. हे तिनं पुढं स्वतःला पुष्कळदा बजावलं, आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र यंत्राचं झाकण फिरवलं आणि हात आपोआप फोनकडे गेला. त्याला विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिनं विचारलं नाही. तिनं लिफ्ट काढून पाण्याची उंच टाकी घातली, मेस्त्रीचा रंगारी केला, त्याला बायकोऐवजी बहीण दिली. अंगठीसुद्धा काढली. तिच्या जागी आगपेटीची काडी घातली. मग नेहमीप्रमाणे ‘दूरच्या आत्या’ला कच्चं वाचायला पाठवलं. ही आत्या कट्ट्यावरची जुनीजाणती. कधी भेटली नव्हती, पण हिच्या लिखाणावर तिनं सख्ख्या आत्यासारखी माया केली होती. आत्यानं कळवलं, ‘सगळं चांगलं आहे गं, पण काडी खोटी वाटते. खरं काय धरायचा तो तोंडात?’

तिनं काडी काढली आणि अंगठी परत घातली. लेख लगेच उभा राहिला. तिला तो क्षण आठवतो, कारण तिला त्या क्षणी फार आनंद झाला होता.

‘टपाली’ची प्रतिक्रिया वाचली त्या दिवशी यंत्र थंड झालं, पाकिटं कपाटात गेली, दुपारचे पेशंट झाले, आणि ती घरी आली तर नवरा आधीच घरात होता. पलंगाच्या कडेला बसलेला, पायात बूट तसेच. दाराशी त्याची हत्यारांची बॅग नव्हती.

“दुपारीच आलाय,” सासूबाई आतून म्हणाल्या. “जेवला नाही. म्हणतो भूक नाही. याला भूक नाही म्हणजे काहीतरी मोठं दुखणं आहे बघ.”

“बॅग कुठंय तुमची?” तिनं विचारलं.

“ऑफिसात जमा केली. उद्यापासून स्टोअरला बसायचंय.”

“का?”

त्यानं फोन पुढं केला. तिला वाचायची गरज नव्हती. वरची ओळ दिसली तेवढी पुरे होती.

“हे तू लिहिलंस?”

कानावर हात ठेवता आले असते. ‘उसवण’ कोण हे त्याला कुठं माहीत होतं. पण लेखातला शेवटचा परिच्छेद म्हणजे त्या संध्याकाळी स्टुलावर बसून त्यानं उच्चारलेले शब्द होते, जसेच्या तसे.

“हो,” ती म्हणाली. “पण मी नाव नव्हतं घातलं. लिफ्टपण नव्हती. रंगारी केला होता...”

“वाचलंय मी.” त्याचा आवाज चढला नाही. “अंगठी तोंडात धरणारा दुसरा कोण येडा आहे जगात? ऑफिसातल्या बाईनं आमच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, हा रंगारी कुणाच्या ओळखीचा वाटतो का. मग सगळे हसले. मग हसायचे थांबले. ते वाईट होतं.”

“आणि साहेब?”

“साहेबानं खुर्ची दिली मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, मेस्त्री, आधी सांगायचं ना, आपण सगळी माणसंच आहोत. चहा मागवला माझ्यासाठी.” त्यानं फोन पालथा करून पलंगावर ठेवला. “तो ओरडला असता तर मी पण ओरडलो असतो. चहा प्यायलो नि बॅग ठेवली.”

“मी जाते साहेबाकडे. सांगते, सगळं मनानं रचलंय म्हणून.”

“मग तो म्हणेल, बरं तर, मेस्त्री, दार उघडून आत जाऊन दाखवा. काय करू मी तेव्हा?”

तिला उत्तरं पटकन सुचतात अशी कट्ट्यावर तिची ख्याती होती.

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. सोडता सोडता, खाली बघतच म्हणाला, “मी हळूहळू जमवत होतो. मागच्या आठवड्यात आत पाय ठेवला होता. एकच. जोडीदारानं दार धरलं होतं. म्हटलं दुसरा पण पडला की तुला सांगू.” मग बूट कडेला सारून उठला. “आणि ते मी तुला सांगितलं होतं. तिथं नव्हतं सांगितलं.”

तो आत गेला. ती तिथंच उभी राहिली. तिला रडू यायला हवं होतं, पण आधी दुसरंच आलं. ‘तो बुटांकडे बघत बोलत होता, जणू त्यांनाच सांगत होता,’ असं एक वाक्य तिच्या डोक्यात तयार झालं, आणि पुढचं त्याच्या मागे येऊन उभं राहिलं. ती दचकली. दुधाच्या भांड्याखालचा गॅस बंद करावा तशी घाईघाईनं तिनं ती वाक्यं बंद केली. स्वतःची इतकी किळस तिला कधी वाटली नव्हती.

लेक कॉलेजातून आली. तिला सगळं कळलं तेव्हा ती चिडली नाही, नुसती फोन घेऊन बसली आणि लेख काढून टाकायला काय करावं लागतं ते शोधू लागली. कट्ट्यावर प्रतिक्रिया आल्या की लेखकाला स्वतःला लेख काढता येत नसे, चालकांना विनवावं लागे. आईनं विनवलं. चालकांनी सभ्यपणानं काढला. लेक म्हणाली, “आई, काढला तरी लोकांकडे फोटो आहेत त्याचे. पप्पांच्या ग्रुपवर तर राहणारच.” ती आईच्या शेजारी बसून राहिली आणि थोड्या वेळानं अपराध्यासारखी म्हणाली, “मीच आणून दिलं होतं ना तुला हे.”

“तू चांगल्यासाठी दिलं होतंस गं,” ती म्हणाली. “वाईट मी केलं.”

सासूबाईंना एवढंच सांगितलं की साहेबानं वयाकडे बघून हलकं काम दिलंय. त्यांना बरं वाटलं. “चला, त्या उभ्या विहिरीतून सुटला एकदाचा. मला मेलीला रोज घोर लागायचा,” असं म्हणून त्यांनी शेजारणीला हाक मारून ती बातमी दिली. तो बाजूच्याच खोलीत होता आणि ऐकत होता.

पुढच्या आठवड्यात जोडीदार दारात आला. हातात मेस्त्रीच्या काही सामानाची पिशवी होती: टॉर्च, जुने हातमोजे, डबा. मेस्त्री घरी नव्हता. ती “या ना” म्हणाली, पण तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

“माझी पण टीम बदलली, वहिनी,” तो म्हणाला. “साहेबाचं म्हणणं, दोघांनी मिळून लपवलं. जाऊ द्या, काम काय, कुठंही कामच.”

“माझ्यामुळं झालं हो,” ती म्हणाली.

“नाही ओ.” तो खाली बघत पिशवीचे बंद सारखे करत राहिला. मग एकदम म्हणाला, “खरं सांगू? लय छान लिहिलंय तुम्ही. माझी बायको रडली वाचून. मी रोज त्याच्या शेजारी उभा होतो, पण त्याला आत काय होत होतं ते मला तुमचं वाचून कळलं.”

शिवी दिली असती तर तिनं सोसली असती. हे कौतुक मात्र तिला खाली बसवून गेलं. तो जिना उतरून गेल्यावर ती कितीतरी वेळ हातमोज्यांवरचा ग्रीसचा डाग नखानं खरवडत बसली.

दवाखान्यात यंत्र चालू केलं की आता ती काट्याकडे बघत बसते. काटा हळूहळू वर चढतो, थरथरतो, थांबतो. दूरच्या आत्यानं खासगीत लिहिलं होतं. लेख का काढलास म्हणून विचारलं होतं, आणि तिनं थोडक्यात कळवल्यावर आत्याचं उत्तर आलं होतं: ‘फार वाईट झालं गं. पण ऐक, आता हेच लिही. नवऱ्याचा विश्वास, बायकोची लेखणी. यातून तुझं सगळ्यात मोठं लिखाण निघेल.’ आत्यानं ते वाईट मनानं लिहिलं नव्हतं. तीच ती माया. पण तिला पहिल्यांदाच त्या मायेची भीती वाटली, कारण आत्या म्हणत होती ते बरोबर होतं. निघालं असतं. तिनं उत्तर दिलं नाही. कट्ट्यावरून नावही काढलं नाही. ‘उसवण’ तिथं आहे, नुसती येत नाही. सुरुवातीला ‘बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत’ असे निरोप येत, मग तेही बंद झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हल्ली खुर्च्या फारच चकचकीत दिसतात.”

घरात तो बोलतो. बोलत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. मीठ कमी आहे म्हणतो, गॅसचा नंबर लावला का विचारतो, लेकीला अभ्यासावरून चिडवतो. फक्त ती खोलीत आली की वाक्य जिथं असेल तिथं संपवतो. स्टोअरमध्ये काय असतं, तिथं कोण येतं, दिवसभर तो काय करतो, हे तिला आजतागायत माहीत नाही. नव्या दोरांना कुबट वास असतो एवढं तिला त्याच्या शर्टावरून कळतं. अंगठी आता दिवसभर बोटातच असते. स्टोअरमध्ये काढायची वेळ येत नाही.

मोरीजवळचा स्टूल तिनं जागचा हलवला नव्हता. सासूबाई दोनदा अडखळल्या आणि म्हणाल्या, “हे काय वाटेत ठेवलंयस?” तिनं उचलून बाजूला ठेवला, आणि त्या गेल्यावर परत होता तिथं आणला.

आज संध्याकाळी ती भांडी घासत होती. फोन बाहेरच्या खोलीत सासूबाईंकडे होता, त्या त्यावर काहीतरी मोठ्यानं ऐकत होत्या. हल्ली भांडी घासायला बसण्याआधी ती फोन मुद्दाम तिकडे देऊन येई, आणि देताना त्याच्यासमोरून जाई. मागं पावलं वाजली. स्टूल सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी बसलं.

तिनं मान वळवली नाही. हात पाण्यात मनगटापर्यंत बुडवले आणि तिथंच ठेवले. तिला वाटलं, आता बोलतील. बाहेर सासूबाईंचं चालूच होतं. बराच वेळ झाला तेव्हा तिनं ताटली ठेवायचं निमित्त करून हळूच बघितलं.

तो गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. बोटात अंगठी नव्हती. तिच्या जागी फिक्या कातडीचं वळं होतं, इतक्या वर्षांचं. आणि त्याचा डावा गाल किंचित फुगला होता.

ती समजली. दुसऱ्या कुणालाही समजलं नसतं. तो बोलायला आला नव्हता. पण आला होता.

तिनं पुन्हा पाठ फिरवली आणि स्वतःच बोलायला लागली, अगदी हलक्या आवाजात. “आज एक जण आले होते, पोलिसात आहेत म्हणे. सुई बघितली आणि म्हणाले, मी जरा गाडी बघून येतो, नीट लावलीय का. गेले ते आलेच नाहीत. बाई म्हणाल्या, पळाले बहुतेक.” तिनं एक वाटी विसळून पालथी ठेवली. “त्यांची टोपी राहिलीय आमच्याकडे. उद्या येतील तर दाढ तरी काढू, नाहीतर टोपी तरी देऊ.”

एवढ्यात सासूबाई पाणी प्यायला आत आल्या. माठाजवळ वाकता वाकता त्यांनी लेकाकडे बघितलं. “काय रे, गालात काय धरलंयस?”

त्यानं बायकोकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं.

“दाढ दुखतेय त्यांची,” ती म्हणाली. “लवंग धरलीय.”

“मग दाखव की तुझ्या डॉक्टरणीला. घरची बायको दातांच्या दवाखान्यात आणि हा बसलाय लवंग धरून.”

“दाखवणार आहे, आई. जरा ठणका उतरू दे. आत्ता बोलायला लावू नका त्यांना.”

“मी कशाला लावू?” सासूबाई म्हणाल्या आणि भांडं घेऊन बाहेर गेल्या.

तो उठला नाही. स्टूल एकदा करकरला आणि गप्प झाला. पाणी गार झालं होतं आणि भांडी संपत आली होती. तिनं घासून ठेवलेली ताटली उचलली, पुन्हा पाण्यात घातली, आणि पुन्हा घासायला घेतली.